ल्हासातली भारतीय पाटी

वकिलात म्हटली की झेंडा लावलेली मोटार आठवते. तिबेटातल्या आपल्या कचेऱ्यांना तो थाट नव्हता. ग्यांत्से, यातुंग आणि गार्तोक इथल्या व्यापारी एजन्सी १९०४ च्या करारानं इंग्रजांनी बसवलेल्या. १९४७ साली त्या वारशानं आपल्याकडे आल्या. १९५४ च्या करारानुसार आपण पहाऱ्याचे सैनिक काढून घेतले, डाक-तारही चीनला सोपवली. त्याच वर्षी ग्यांत्सेची एजन्सी पुरात माणसांसकट वाहून गेली.

ल्हासातल्या कचेरीला १९५२ मध्ये कॉन्सुलेटचा दर्जा मिळाला होता. तिचं मोल कळलं ते १९५९ च्या उठावानंतर. ल्हासात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले काश्मिरी वंशाचे मुसलमान घरीदारी तिबेटीच बोलत. तिबेटी लोक त्यांना ‘खाचे’, म्हणजे काश्मिरी, म्हणत. त्यांनी आपण भारतीय असल्याचा दावा केला. चीननं आढेवेढे घेतले, भारतानं दावा मान्य केला. ही कुटुंबं कालिंपोंग, दार्जिलिंगला उतरली, पुष्कळशी पुढं श्रीनगरला गेली. दाद मागायला गावातच भारताची पाटी होती, हे काय थोडं झालं?

१९६२ मध्ये करार संपला, एजन्सी उठल्या. डिसेंबरात ल्हासाची कचेरीही मिटली. ती पुन्हा उघडलेली नाही. नेपाळची मात्र तिथं आजही आहे.