रानभाजी घेताना रीतही विचारून घ्या: हरसूलच्या डोंगरातून नाशिकच्या ताटात

मृगाच्या दोन-चार सरी पडल्या की नाशिकमध्ये गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात, पंचवटीत आणि गिरणाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेहमीच्या मेथी-कोथिंबिरीशेजारी काही अनोळखी वाटे दिसू लागतात. जांभळट रंगाचे टोकदार कोंब, कांद्याच्या पातीसारखी पण चपटी पाने, गोल पानांच्या लहानशा जुड्या, काटेरी दिसणारी हिरवी फळे. ही भाजी पश्चिमेकडच्या डोंगरी पट्ट्यातून येते: हरसूल, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा भागातून. ती आणणाऱ्या बहुतेक बायका पहाटेच घर सोडून आलेल्या असतात.

याच दिवसांत मोबाइलवर रानभाज्यांच्या याद्याही फिरू लागतात. कोणत्या भाजीत लोह जास्त, कोणती मधुमेहावर गुणकारी, कोणती सांधेदुखीवर, असे त्यात सगळे असते. ती भाजी शिजवायची कशी, हे मात्र बहुतेक वेळा नसते. आणि रानभाजीच्या बाबतीत तीच माहिती सर्वांत महत्त्वाची आहे.

खत नाही, फवारणी नाही, म्हणून रानभाजी निर्धोक, असा अनेकांचा समज असतो. खत-फवारणीचे खरे आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. रानातल्या झाडाला जनावरांपासून आणि किड्यांपासून स्वतःचा बचाव स्वतःच करावा लागतो. त्यासाठी त्याच्याकडे खाज आणणारे स्फटिक, कडवटपणा आणि काही वेळा सरळ विष असते. शेतातल्या भाज्यांमधून हे गुण माणसाने हजारो वर्षे निवड करून कमी केले. रानभाजीत ते काम अजून स्वयंपाकघरातच करावे लागते.

हरसूलकडे ही भाजी का खातात?

हरसूल हे त्र्यंबकेश्वर तालुक्यातले पश्चिमेकडचे बाजाराचे गाव. नाशिकहून गिरणारे, वाघेरा घाट अशी वाट तिकडे जाते आणि पुढे जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांना व गुजरातच्या सीमेला लागते. आसपासच्या पाड्यांवर महादेव कोळी, कोकणा, वारली, ठाकूर अशा आदिवासी समाजांची वस्ती आहे. शेती प्रामुख्याने पावसाच्या भरवशावरची: भात, नागली, वरई, खुरासणी, उडीद.

अशा शेतीत जून ते ऑगस्ट हा काळ सर्वांत ओढीचा असतो. मागच्या वर्षीचे धान्य संपत आलेले असते, नवे पीक नुकते लावलेले असते आणि लावणीचे कष्टाचे काम सुरू असते. नेमक्या याच वेळी डोंगर हिरवा होतो. म्हणजे शहरात आज कौतुकाने खाल्ली जाणारी ही भाजी तिथे त्या तीन महिन्यांच्या जेवणाचा भाग आहे. कोणते पान कोणत्या आठवड्यात खुडायचे, कोणता कंद किती वेळ पाण्यात ठेवायचा, हे ज्ञान त्या गरजेतून तयार झाले आहे. ते लिहून ठेवलेले फारसे नाही. ते भाजी विकणारीकडे असते, आणि विचारले तर ती सांगते.

शेवळा: ज्याला सोबत लागते

जांभळट-तपकिरी टोकदार कोंब दिसला तर तो बहुधा शेवळा. सुरणाच्या कुळातली ही वनस्पती पश्चिम घाटाच्या परिसरातली आहे. पाऊस सुरू होण्याच्या आगेमागे जमिनीतून आधी तिचा फुलोरा वर येतो, पाने नंतर येतात. भाजी होते ती या फुलोऱ्याची. ठाणे, पालघर आणि रायगडच्या बाजारांत शेवळ्याच्या जुडीसोबत काकडं नावाची लहान, हिरवी, आंबट फळे हमखास मिळतात. यांचा सॅलडमधल्या काकडीशी काही संबंध नाही. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू आणि पाठारे प्रभू घरांत शेवळ्याची भाजी खिम्यात किंवा कोलंबीत घालून करण्याची जुनी पद्धत आहे.

ही जोडी केवळ चवीसाठी नाही. शेवळ्यात, अळूप्रमाणेच, कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म सुईसारखे स्फटिक असतात. भाजी कच्ची राहिली तर हे स्फटिक जिभेत आणि घशात रुततात. मग खाज येते, आग होते, कधी सूजही येते. या सुया पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे नुसते धुऊन भागत नाही. कोंबाच्या आतल्या दांड्याचा पिवळसर भाग काढून टाकायचा, उरलेले बारीक चिरायचे, तेलात चांगले परतायचे आणि काकडं, चिंच किंवा आमसूल यांपैकी काही तरी आंबट घालून पूर्ण शिजवायचे, ही रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. काही भागांत काकडांऐवजी बोंडाऱ्याचा पाला वापरतात. चिरताना हाताला तेल लावावे. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी शेवळा, अळू, तेरा या भाज्या डॉक्टरांना विचारूनच खाव्यात.

पहिल्यांदा करणाऱ्याने पूर्ण जेवण या भाजीवर ठेवू नये. घरातल्या एका मोठ्या माणसाने घासभर खाऊन थोडा वेळ थांबावे. जुन्या घरांत हे काम सासूबाईंकडे असायचे.

टाकळा आणि त्याचा जुळा

टाकळा ही त्यातली सर्वांत सोपी भाजी. विदर्भात हिलाच तरोटा म्हणतात. पहिल्या पावसानंतर आठ-पंधरा दिवसांत कोवळी पाने खुडायची, कांदा-लसणावर परतायची, झाले. फुले आल्यावर पाने जून होतात आणि पोटाला जड जातात.

सोपी असल्यामुळेच शहरातले लोक ही भाजी स्वतः तोडायला जातात. मोकळ्या प्लॉटवर, रस्त्याच्या कडेला, रेल्वेरुळांलगत टाकळा भरपूर उगवतो. इथे दोन अडचणी आहेत. पहिली सरळ आहे: रस्त्याकडेच्या मातीत वाहनांचा धूर, सांडपाणी आणि तणनाशक असू शकते, त्यामुळे तिथली भाजी तोडू नये. दुसरी अडचण कासविंद्याची. कासविंदा, म्हणजेच रानटाकळा, हा टाकळ्याचाच भाऊबंद. तो तशाच जागी उगवतो, त्याचीही फुले पिवळी असतात.

फरक पानात पाहायचा. टाकळ्याच्या एका पानाला साधारण तीन जोड्या पर्णिका असतात आणि त्यांची टोके गोलसर असतात. कासविंद्याला चार ते सहा जोड्या असतात आणि पर्णिका टोकदार असतात. शेंगाही वेगळ्या: टाकळ्याची बारीक, लांब, विळ्यासारखी वाकलेली, कासविंद्याची चपटी आणि थोडी रुंद.

हा फरक बारकाईने सांगण्याचे कारण गंभीर आहे. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात पावसाळ्यानंतर लहान मुले अचानक आजारी पडून दगावत. बरीच वर्षे हा मेंदूज्वर समजला जात होता. २००७ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की मुलांनी खेळता खेळता कासविंद्याच्या कच्च्या बिया खाल्ल्या होत्या आणि त्यांचे यकृत, स्नायू व मेंदू यांवर परिणाम झाला होता. २०१६ मध्ये ओडिशातल्या मलकानगिरी जिल्ह्यात झालेल्या बालमृत्यूंच्या तपासातही याच झाडाच्या बियांचे नाव पुढे आले. सोसायटीच्या आवारात किंवा शाळेच्या मैदानाकडेला कासविंदा वाढला असेल तर शेंगा धरण्याआधी तो उपटून टाकावा. यासाठी वनस्पतिशास्त्र यावे लागत नाही.

कमी त्रासाच्या भाज्या

करटोली (काही ठिकाणी कंटोली) हे काटेरी दिसणारे फळ सर्वांना चालते. काटे मऊ असतात. आतल्या जून बिया काढल्या की चकत्या करून परतता येते. या वेलीत नर आणि मादी वेल वेगळे असतात, म्हणून लागवड करणे थोडे किचकट आणि म्हणून भावही चढा. कुर्डू कोवळा असताना कुठल्याही पालेभाजीसारखा करावा. भारंगी कडू असते. पाने उकळून, पाणी पिळून टाकून मग फोडणीला घालतात.

फोडशी, म्हणजे कुलू, ही कांद्याच्या पातीसारखी दिसणारी भाजी. तिचा मधला कडक दांडा काढून घ्यायचा आणि बुंध्याशी अडकलेली माती नीट धुवायची. ही सफेद मुसळीच्या जातीतली आहे, आणि मुळांना औषधी बाजारात किंमत असल्यामुळे ती मुळासकट उपटली जाते. पाने खुडलेली जुडी घेतली तर पुढच्या वर्षी तिथे पुन्हा फोडशी उगवते.

वास्ते, कंद आणि अळिंबी

बांबूच्या कोवळ्या कोंबांना वास्ते म्हणतात. कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारे द्रव्य असते. ऐकायला भीतिदायक वाटते, पण उपाय सोपा आहे, कारण ते उष्णतेने लवकर नष्ट होते. कोंब सोलून पातळ काप करावेत, भरपूर पाण्यात झाकण न ठेवता उकळावेत, ते पाणी फेकावे आणि मगच भाजी करावी. कच्चा वास्ता कोशिंबिरीत घालू नये.

कंदांचे तसे नाही. डोंगरात मिळणारा कडूकंद चकत्या करून, राखेसोबत उकळून, वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवून मगच खातात. नळाखालच्या पातेल्यात हे नीट होत नाही. त्यात पुन्हा कळलावीची भर पडते. पावसाळ्यात सह्याद्रीत फुलणारी ही लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुले अनेकांच्या मोबाइलमध्ये असतात. तिलाच खड्यानाग म्हणतात. तिच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात, कोल्चिसिन नावाचे तीव्र विष असते. रताळे किंवा दुसरा कंद समजून तो खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. तिची खूण म्हणजे पानाचे टोक पुढे लांबून तंतूसारखे गुंडाळलेले असते. शहरातल्या माणसाने ट्रेकवरून कंद खणून आणूच नये.

अळिंबीचेही तेच. वारुळावर उगवणारी अळिंबी डोंगरात आवडीने खातात, पण खाण्यायोग्य आणि विषारी अळिंबीतला फरक ओळखणारे डोळे वेगळे असतात. चांदीचे नाणे काळे पडते का, लसूण निळा होतो का, या घरगुती चाचण्या पूर्णपणे खोट्या आहेत. शिजवूनही विष जाईलच असे नाही.

विकत घेताना काय विचारायचे?

एकाच झाडाला दहा कोसांवर दुसरे नाव असते आणि एकच नाव दोन झाडांना असते. म्हणून इंटरनेटवर नाव टाकून सापडलेली पाककृती दुसऱ्याच भाजीची असू शकते. फोटो ओळखणाऱ्या अ‍ॅपचा कोवळ्या, चिरलेल्या किंवा जुडी बांधलेल्या पानांवर भरवसा धरता येत नाही. त्यापेक्षा वाटा घेतानाच विचारावे: मावशी, यातले काय काढून टाकायचे? उकळून पाणी फेकायचे का? आंबट काय घालायचे? तुमच्याकडे लहान मुलांना देतात का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बरेच काही सांगून जाते. विकणारी व्यक्ती केवळ पुढे विकणारी असेल आणि तिला हे माहीत नसेल, तर अनोळखी भाजी सोडून करटोली घ्यावी.

घासाघीसही जपून करावी. पाव किलो शेवळ्यामागे कित्येक तासांची डोंगरातली पायपीट असते, आणि सोबत मिळणाऱ्या माहितीचे पैसे तर कोणी मागतही नाही.

गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावर अवलंबून असलेल्या आदिवासी आणि इतर पारंपरिक वननिवासींना दिला आहे. अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्यानेही ग्रामसभेला या वनोपजावर अधिकार दिले आहेत. पावसाळी सहलीला हरसूल-वाघेऱ्याकडे जाणाऱ्यांनी पिशव्या भरून भाजी तोडून आणणे म्हणजे दुसऱ्याच्या परसात शिरणे होय. तिथल्या बाजारातून विकत घेता येते.

कृषी विभाग २०२० पासून ९ ऑगस्टला, म्हणजे जागतिक आदिवासी दिनाच्या निमित्ताने, रानभाजी महोत्सव भरवतो. तिथे भाजी शिजवलेली चाखायला मिळते आणि करणारीच समोर असते, त्यामुळे पहिली ओळख करून घ्यायला ही जागा चांगली.

त्रास झालाच तर

जीभ किंवा घसा खाजत असेल तर चूळ भरून थंड दूध किंवा दही घ्यावे. बहुतेक वेळा काही तासांत आराम पडतो. ओठ किंवा घसा सुजणे, श्वास लागणे, सतत उलट्या-जुलाब, गुंगी यांपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता १०८ वर फोन करून रुग्णालय गाठावे. मीठपाणी पाजून उलटी करवू नये. उरलेली कच्ची भाजी, तिची साले आणि शिजवलेला घास वेगवेगळ्या पिशव्यांत सोबत न्यावा, म्हणजे डॉक्टरांना वनस्पती ओळखायला मदत होते. विषबाधेबाबत दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा सल्ला डॉक्टरांना चोवीस तास घेता येतो. अळिंबी किंवा कळलावीचा संशय असेल तर पहिल्या उलट्या थांबून बरे वाटू लागले तरी घरी परतू नये. या दोन्हींत यकृत, मूत्रपिंड किंवा रक्तावरचा परिणाम एक-दोन दिवसांनी दिसू शकतो.