काचेच्या पोटात लेसरचे कोरीवकाम

काच प्रकाशाला अडवत नाही. हा तिचा गुण खरा. परंतु लेसरने तिच्यावर काम करू पाहणाऱ्यांची पहिली अडचणही तीच आहे. ८०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या एका फोटॉनमध्ये सुमारे १.५५ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा असते, तर शुद्ध सिलिका काचेतील इलेक्ट्रॉन मोकळा करण्यास सुमारे ९ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. साहजिकच असा किरण शोषला न जाता आरपार निघून जातो.

सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग केले, तर त्यातील एक भाग म्हणजे फेम्टोसेकंद. शंभर-दोनशे फेम्टोसेकंदांच्या स्पंदात ऊर्जा कोंबून तो भिंगाने काचेच्या आत केंद्रित केला, की नाभीपाशी प्रकाश इतका तीव्र होतो की इलेक्ट्रॉन सहा फोटॉन एकदमच शोषून घेतो. पृष्ठभागाला मात्र धक्का लागत नाही. अशा शक्तिशाली स्पंदांचा मार्ग डोना स्ट्रिकलँड आणि जेरार्ड मूरू यांनी १९८५ मध्ये दाखविला. त्यासाठी त्यांना २०१८ चे नोबेल मिळाले.

खरा पेच यापुढचा. मोकळा झालेला इलेक्ट्रॉन उरलेला प्रकाश शोषून वेग घेतो आणि आणखी इलेक्ट्रॉन सोडवतो. ही साखळी आवरली नाही, तर काचेला तडा ठरलेलाच! स्पंदाची ऊर्जा बेताची ठेवल्यास काचेचा अपवर्तनांक थोडासा बदलतो. जपानी संशोधकांनी १९९६ मध्ये याच रीतीने काचेत प्रकाशवाहक मार्ग लिहिले. ऊर्जा वाढविली की सूक्ष्म जाळी उमटते, आणखी वाढविली की पोकळी.

स्पंदांमधील अंतरही तितकेच निर्णायक असते. नाभीतील उष्णता पसरण्यास साधारण एक मायक्रोसेकंद लागतो. त्याआधीच पुढचा स्पंद आला, तर उष्णता साचते आणि काच वितळते. दोन काचा जोडताना हे हवेच असते, नाजूक लेखनात मात्र घातक.

काचेला छिद्रे पाडण्याचे काम त्याहून कठीण, कारण तेथे वेगही हवा आणि तडाही नको. टोकियो विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये यावर तोड काढली. आधी अतिलघु स्पंदाने काचेत इलेक्ट्रॉनांची बारीक वाट तयार करायची आणि ती विरण्यापूर्वी दुसरा, लांब स्पंद सोडायचा. एरवी आरपार गेला असता तो प्रकाश त्या वाटेपुरताच शोषला जातो.