परिस्थिती आणि पुरुषार्थ : मोहने गावाचा धडा

प्रतिवर्षी आपल्या मंडळाच्या गुणगौरव समारंभात एक वाक्य हमखास ऐकू येते. ‘परिस्थितीवर मात करून’ अमुक विद्यार्थ्याने यश संपादन केले, असे ते वाक्य. ते उच्चारताना वक्त्याचा कंठ दाटून येतो, सभागृह टाळ्यांनी दुमदुमते आणि मुलाच्या आईच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. त्या आनंदात आम्हीही आजवर मनःपूर्वक सहभागी होत आलो आहोत. परंतु त्या वाक्याच्या पोटात आणखी एक न बोललेले वाक्य दडलेले असते. ते असे की, ज्यांनी मात केली नाही त्यांच्या अंगी पुरुषार्थच नव्हता. हे दुसरे वाक्य कितपत खरे आहे, याचा विचार आमच्या मोहने गावाच्या इतिहासाच्या आधारे करावा, असे योजून हा लेख ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत.

मोहने हे उल्हास नदीकाठचे गाव. मिठाच्या आगरांवरून ज्याला नाव मिळाले तो आपला आगरी समाज आणि नदीवर जगणारा कोळी समाज, असे येथले जुने रहिवासी. पावसाळ्यातील भाताचे एक पीक, नदीतील मासळी आणि उरलेले आठ महिने मिळेल ती मजुरी, हा पूर्वीचा जीवनक्रम. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली. १ मे १८५४ रोजी ती कल्याणास पोहोचली आणि पुढील वर्षी वाशिंदपर्यंत गेली. म्हणजे आमच्या शिवेजवळून गाडी जाऊ लागून पावणेदोनशे वर्षे होत आली. तथापि गाडी जवळून जाते एवढ्याने गावाचे दैव बदलत नाही. त्या काळी शेतकऱ्याच्या मुलाने काय व्हावे हा प्रश्न कोणी त्याला विचारीत नसे, कारण त्याचे उत्तर बापाच्या हातातील नांगराने आधीच दिलेले असे.

१९४६ साली नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनची स्थापना झाली आणि तिचा कारखाना मोहन्यास उभा राहिला. लाकडाच्या लगद्यावर कॉस्टिक सोड्याची आणि कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करून त्याचा दाट पाक करावयाचा, तो बारीक छिद्रांतून आम्लाच्या कुंडात सोडावयाचा आणि त्याचा धागा ओढावयाचा, अशी या कृत्रिम रेशमाची रीत. या कामास पाणी फार लागते, म्हणून नदीकाठ सोयीचा. शिवाय ही प्रक्रिया मध्येच थांबविता येत नाही. ती अहोरात्र चालू ठेवावी लागते. म्हणून पाळ्या आल्या. कोंकणातून, घाटावरून, उत्तर हिंदुस्थानातून माणसे आली, वसाहत झाली, बाजार झाला. नांगर धरणारे हात पाळीवर जाऊ लागले.

आमच्या पिढीतील पुष्कळ मुले शाळा अर्धी सोडून किंवा मॅट्रिकचा निकाल हाती येताच कारखान्याच्या दाराशी उभी राहिली. त्यास कोणी निरिच्छा म्हणेल. आम्ही तसे म्हणत नाही. ज्या घराने वर्षातून एकदा धान्याची रास पाहिली त्या घरात दरमहा ठरलेल्या तारखेस पगार येणे, बोनस मिळणे, भविष्यनिर्वाह निधी साठणे, ही केवढी स्थिरता! बापाच्या ओळखीने मुलगा लागत असे आणि मुलाच्या पगारावर बहिणीचे लग्न होत असे. ही निवड शहाणपणाचीच होती. मात्र एक गोष्ट आज मान्य केली पाहिजे. एक दार सताड उघडे होते म्हणून आम्ही दुसरे दार पाडण्याचे कष्ट घेतले नाहीत.

नोव्हेंबर २००९ मध्ये कारखान्यातील काम बंद पडले. हजारो कामगारांच्या घरची मिळकत थांबली आणि थकलेल्या देण्यांचा प्रश्न वर्षानुवर्षे न्यायासनांपुढे चालत राहिला. मुंबईतील गिरणगावाने असाच आघात आधी सोसला होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगार उतरले होते, आणि त्यांतील असंख्य घरांना पुन्हा गिरणीचा पगार दिसला नाही. तो धडा आमच्या डोळ्यांसमोर सत्तावीस वर्षे होता. आम्ही तो वाचला नाही.

आता आम्हांला एका मुलाविषयी सांगावयाचे आहे. त्याचे नाव येथे देत नाही. कारखाना थांबला त्या वर्षी तो दहावीत होता. मार्च महिन्यात परीक्षा दिली, पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला. आपल्या समारंभात त्याचे नाव पुकारले गेले तेव्हा व्यासपीठावर त्याची आई आली. मुलगा कोठे आहे, असे कोणीही विचारले नाही. आम्हीही विचारले नाही. करंडक, पुष्पगुच्छ आणि ‘परिस्थितीवर मात’ हे वाक्य तिच्या ओटीत घालून आम्ही पुढचे नाव पुकारले. वर्षभराने तोच मुलगा आम्हांस कल्याणच्या घाऊक बाजारात भाजीच्या गोणी उतरविताना दिसला. महाविद्यालयाचे काय झाले, असे विचारता तो हसून म्हणाला, “काका, मलाच शिकायचं नव्हतं.”

हे उत्तर आम्ही कार्यकारिणीच्या बैठकीत सांगितले तेव्हा एका सभासदाने सुटकेचा निःश्वास टाकला. मुलाचीच इच्छा नव्हती, मग मंडळ काय करणार? विषय तेथेच मिटला. त्या घरचा हिशेब आम्हांस पुष्कळ काळाने कळला. बापाचे वेतन थांबलेले, आजी आजारी आणि धाकटी बहीण आठवीत. दोघांपैकी एकालाच शिकता येईल, हे त्या सोळा वर्षांच्या मुलाने कोणासही न विचारता मनाशी ठरविले होते. बापास कमीपणा वाटू नये म्हणून ‘मला नको’ हे शब्द त्याने स्वतःच्या तोंडी घेतले. गरीब घरातील मुलाचा स्वाभिमान असा असतो. तो आपल्या अडचणीस आपली इच्छा म्हणतो आणि आपण त्याचा शब्द प्रमाण मानून मोकळे होतो.

त्याने निवड केली नाही, असे म्हणणे त्याचा अपमान करणे होय. त्याने निवड केली, आणि ती मोठ्या मनाची होती. परंतु ज्या दोन गोष्टींतून त्यास निवडावे लागले त्या दोन गोष्टी त्याने मांडलेल्या नव्हत्या.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. त्याच चाळीत दुसराही मुलगा होता. त्याच्याही बापाचे काम त्याच महिन्यात गेले होते. तो पहाटे वृत्तपत्रे टाकून, रात्री शिकवण्या घेऊन पदवीधर झाला. तिसऱ्याने जे काही हाती होते ते जुगारात घालविले. परिस्थिती एक असता तीन वाटा झाल्या, तेव्हा माणसाच्या इच्छेस काहीच मोल नाही असे कसे म्हणता येईल? आम्हीही तसे म्हणत नाही. सारे खापर परिस्थितीवर फोडणे म्हणजे गरिबाच्या मुलास लाकडाचा ओंडका समजणे. त्याने धरलेला नेटही मग त्याचा राहत नाही. फक्त एवढेच ध्यानात घ्यावे की, सुस्थितीतील मुलगा दोन वर्षे चुकला तरी त्यास तिसऱ्या वर्षी सुधारण्यास वाव मिळतो. गरिबाच्या मुलास पहिल्याच चुकीची किंमत आयुष्यभर भरावी लागते. इच्छाशक्ती दोघांत सारखी असेलही. चुकण्याची मुभा सारखी नसते.

१ एप्रिल २०१० रोजी बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा देशात अंमलात आला; म्हणजे कारखाना थांबल्यानंतर पाचच महिन्यांनी. सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांस त्याने हक्क दिला. थोर कायदा, यात शंका नाही. परंतु ज्या वयात ‘पुढे शिकू की कमावू’ हा प्रश्न घरात खरोखर उभा राहतो, नेमक्या त्या उंबरठ्यावर त्याचा हात सुटतो. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या सुमारास यशवंतराव चव्हाण यांच्या कारकिर्दीत वार्षिक बाराशे रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांना फीची सवलत मिळाली आणि तिने कित्येक घरांत पहिला पदवीधर दिला. तीही सवलत फीपुरती होती. फी माफ होते. मुलगा वर्गात बसल्यामुळे बुडालेली मजुरी मात्र कोणी भरून देत नाही. गरिबाच्या घरी शिक्षणाचा सर्वांत मोठा खर्च हाच असतो आणि तो कोणत्याही पावतीवर दिसत नाही.

ही गोष्ट आपल्या पूर्वसूरींनी ओळखली होती. छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ सालापासून कोल्हापुरात निरनिराळ्या ज्ञातींच्या वसतिगृहांस आश्रय दिला, तो मुलांच्या निवासाचा व जेवणाचा प्रश्न सुटावा म्हणून. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली, १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले आणि ‘कमवा व शिका’ ही रीत रुजविली. वसतिगृहातील मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. पुस्तकाआधी पोटाची सोय लावावी लागते, हे त्या माउलीस कोणी शिकवावे लागले नाही.

परदेशातील अनुभवही हेच सांगतो. अमेरिकेत १९२९ नंतर महामंदी आली. तीत वाढलेल्या मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा करून ग्लेन एल्डर या समाजशास्त्रज्ञाने १९७४ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियातील ओकलंड गावची १९२०-२१ मध्ये जन्मलेली मुले मंदीच्या काळी किशोरवयात होती; मुलगे बाहेर कामे करू लागले, मुलींनी घर सांभाळले. आश्चर्य हे की, त्यांतील पुष्कळजण पुढे सावरले. मात्र शेजारच्या बर्कले गावी १९२८-२९ मध्ये जन्मलेल्या, म्हणजे मंदीत अगदी लहान असलेल्या मुलग्यांना तो आघात अधिक जाचला. आघात तोच, तो कोणत्या वयात बसला यावर बरेच अवलंबून राहिले. सावरणाऱ्यांस आणखी एक आधार मिळाला. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या कायद्याने शिक्षणाची फी तर मिळालीच, शिवाय शिकत असतानाच्या निर्वाहासाठी भत्ताही मिळाला. साताऱ्याच्या वसतिगृहात आणि त्या कायद्यात हेतू एकच दिसतो : शिकणाऱ्याच्या दोन वेळच्या जेवणाचा भार कोणीतरी उचलला पाहिजे.

आणि परिस्थिती म्हणजे आकाशातून पडलेली वस्तू नव्हे, हे तर आपल्या समाजाने प्रत्यक्ष दाखवून दिले आहे. अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या गावांच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले आणि सुमारे सहा वर्षे तो संप चालविला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले. १९३९ मध्ये कूळ कायदा झाला. त्या सहा वर्षांत घरोघरी जे हाल झाले ते एकट्या कुटुंबास सोसवले नसते. एकट्याने जमीन टाकली असती तर लोकांनी त्यास आळशी म्हटले असते. गावोगावच्या लोकांनी मिळून टाकली, म्हणून इतिहासाने त्यास पुरुषार्थ म्हटले. पुढे जासईच्या दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये आपल्या लोकांनी भूमीच्या मोबदल्यासाठी उभारलेला आणि पाच बळी देऊन लढविलेला लढाही याच वाटेवरचा. या दोन्ही प्रसंगी आपल्या लोकांनी परिस्थिती सोसण्यावर न थांबता तिला हात घातला.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. मुलाने नेट धरावा, ही अपेक्षा योग्य आहे. त्याच्यापुढे नेट धरण्याजोगी वाट ठेवणे, ही त्याच्या समाजाची जबाबदारी आहे. दुसरे केल्यावाचून पहिल्याचा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस पोहोचत नाही.

यास्तव मंडळापुढे दोन सूचना नम्रपणे मांडतो. पहिली अशी की, गुणगौरव समारंभाच्या यादीबरोबरच दुसरी एक यादी करावी : गतवर्षी नाव होते आणि यंदा ज्याचा पत्ता नाही, अशा मुलामुलींची. समारंभ झाल्यावर आठ दिवसांच्या आत दोन कार्यकर्त्यांनी त्या घरी जावे, आणि ‘मलाच नको होते’ हे उत्तर मिळाले तर तेथून न उठता आणखी अर्धा तास बसावे. मुलींच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण त्यांच्या वतीने ‘तिला नको’ असे बहुधा दुसराच कोणी सांगतो. दुसरी सूचना अशी की, करंडक व शाली यांवरील खर्च आटोपशीर करून दहावीनंतरच्या दोन वर्षांसाठी निर्वाहनिधी काढावा. रक्कम मुलाच्या हाती समारंभपूर्वक न देता घरी, महिन्याच्या महिन्यास, गाजावाजा न करता पोहोचवावी.

ज्या मुलाची हकीकत वर सांगितली तो आता तिशी ओलांडून गेला आहे. त्याची बहीण शिकली. त्याचा त्यास अभिमान आहे. गेल्या वर्षी तो आपल्या समारंभास आला होता, शेवटच्या रांगेत बसला होता. ‘परिस्थितीवर मात करून’ हे वाक्य व्यासपीठावरून आले तेव्हा इतरांबरोबर त्यानेही टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्या ऐकून आम्हांस जे वाटले, त्यापोटी हा लेख लिहिला आहे. ज्ञातिबांधवांनी त्याचा विचार करावा, एवढीच विनंती.