हंगामी व्यापारासाठी अर्धस्थायी बांधकामे : मुदत, वारा आणि आग

झाशी : इलाइट चौराहा हा झाशी शहरातील मध्यवर्ती व्यापारी चौक. अशा चौकातील दुकानदाराचे वर्ष बारा महिने सारखे नसते. धनत्रयोदशी-दिवाळीची खरेदी, त्यामागोमाग उत्तर भारतात ‘सहालग’ या नावाने ओळखली जाणारी लग्नसराई, हिवाळ्यातील लोकरी कपडे आणि एप्रिलपासून कूलर-पंख्यांची मागणी, असे विक्रीचे चढउतार ठरलेले असतात. या काही महिन्यांत मालासाठी दुप्पट-तिप्पट जागा लागते. उरलेल्या काळात मूळ दुकान पुरते. मध्यवर्ती भागात वर्षभराचे भाडे भरून गोदाम रिकामे ठेवणे छोट्या व्यापाऱ्याला परवडत नाही आणि पक्के बांधकाम एका हंगामात उभे राहत नाही. म्हणून मोकळ्या भूखंडावर, वाहनतळावर किंवा दुकानामागील अंगणात लोखंडी पाइपांची शेड उभी राहते. बांधकामाच्या भाषेत तिला अर्धस्थायी रचना म्हणता येईल.

मांडव आणि पक्की इमारत यांच्या मधली ही पायरी आहे. मांडवात बांबू, कापड आणि दोरी असते. अर्धस्थायी शेडमध्ये पोलादी खांब, त्यांवर कैच्या, कैच्यांवर आडव्या पट्ट्या आणि वर नालीदार रंगीत पत्रा असतो. सांधे बहुतांशी नटबोल्टचे असल्याने सांगाडा उलगडून दुसरीकडे नेता येतो. शीतगृहासारखी गरज असेल तर पत्र्याऐवजी दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेली पॅनेल वापरतात. मध्यम आकाराची शेड काही दिवसांत उभी राहते, हेच तिचे मोठे आकर्षण.

नटबोल्टने बसवलेल्या शेडला परवानगी लागत नाही, असा समज बाजारात सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. जमिनीत पक्के न रोवता केवळ स्वतःच्या वजनावर उभ्या असलेल्या इंडियन ऑइलच्या साठवण टाक्याही मालमत्ता करास पात्र ठरतात, असे सर्वोच्च न्यायालयाने मुंबई महापालिकेच्या प्रकरणात १९९० मध्येच स्पष्ट केले होते. रचना हलवता येते का, यापेक्षा ती तेथे कायम राहण्यासाठी उभारली आहे का, याला न्यायालयाने महत्त्व दिले. झाशीत विकास परवानगीचा प्रश्न उत्तर प्रदेश नगर नियोजन व विकास अधिनियम, १९७३ खाली झाशी विकास प्राधिकरणाकडे जातो. महाराष्ट्रात त्यासाठी १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम आहे.

मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत तात्पुरत्या बांधकामांची स्वतंत्र तरतूद होती. पावसाळ्यापुरते छप्पर, जत्रा व समारंभांचे मांडव, बांधकाम साहित्याची गोदामे अशा रचनांना एका वेळी सहा महिन्यांपर्यंत आणि एकूण तीन वर्षांपर्यंत परवानगी देता येत असे. सवलत होती, पण ती मुदतीच्या बदल्यात. अर्धस्थायी बांधकामाला मिळणारी जवळजवळ प्रत्येक सूट अशीच तारखेला बांधलेली असते आणि व्यवहारात हीच तारीख सर्वांत आधी विसरली जाते.

वाऱ्याच्या हिशेबात ही गोष्ट सर्वाधिक स्पष्ट दिसते. इमारतींवरील वाऱ्याच्या भारासाठी ‘आयएस ८७५, भाग ३’ हे भारतीय मानक वापरले जाते. त्यात झाशीसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १६९ किलोमीटर धरला आहे. मुंबई व नागपूरसाठी हा आकडा ४४, तर पुण्यासाठी ३९ आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या झाशीचा आकडा मुंबईहून मोठा पाहून अनेकांना नवल वाटते. पण उन्हाळ्यात उत्तरेच्या मैदानी पट्ट्यात उठणाऱ्या धुळीच्या वादळांची ज्यांना सवय आहे, त्यांना वाटणार नाही.

सामान्य इमारतीचे आयुष्य ५० वर्षे धरून हा वेग पूर्ण घेतला जातो. तात्पुरत्या शेडचे आयुष्य मात्र मानकाने पाच वर्षे धरले आहे आणि ४७ च्या विभागात तिच्यासाठी वेगाला ०.७१ ने गुणण्याची मुभा दिली आहे. म्हणजे वेग सुमारे ३३.४ मीटर, ताशी १२० किलोमीटर. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने फरक आणखी मोठा होतो. उंची, भूभाग आदी इतर गुणक बाजूला ठेवले तर पक्क्या इमारतीसाठी प्रति चौरस मीटर सुमारे १३५ किलो दाब धरावा लागतो, शेडसाठी सुमारे ६८ किलो. पाच वर्षांत तीव्र वादळ गाठण्याची शक्यता कमी, या तर्कावर ही निम्मी सूट उभी आहे. तीच शेड ‘चालते आहे’ म्हणून पंधरा वर्षे ठेवली तर तर्क संपतो. सांगाडा मात्र निम्म्या दाबाचाच राहतो, शिवाय तोवर गंजलेलाही असतो.

हलकेपणा हा या रचनेचा गुण आणि तोच तिचा दोष. दहा बाय वीस मीटरच्या शेडचे छप्पर २०० चौरस मीटरचे होते. वर उल्लेखिलेला ६८ किलोचा दाब त्यावर पूर्णपणे वरच्या दिशेने लागला असे धरले, तर छपराला साडेतेरा टनांहून अधिक उचल मिळते. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन चौरस मीटरला चार-पाच किलो असते. म्हणजे सगळा पत्रा जेमतेम एक टनाचा. उरलेली उचल सांगाड्याच्या वजनाने आणि पायाने रोखायची असते. एक घनमीटर काँक्रीट सुमारे २.४ टन भरते, यावरून खांबाखाली केवळ एखादी फरशी ठेवून काम का भागत नाही, हे लक्षात यावे. झाशी परिसरात बुंदेलखंडी ग्रॅनाइट अनेक ठिकाणी जमिनीलगत आहे. तेथे खोल खड्डा घेणे जिकिरीचे होते. अशा जागी खडकात छिद्र पाडून बोल्ट बसवावे लागतात किंवा पुरेशा वजनाचे काँक्रीटचे ठोकळे द्यावे लागतात. तीन बाजूंनी बंद आणि एका बाजूने उघडी शेड सर्वांत धोक्याची, कारण आत शिरलेला वारा छपराला खालूनही ढकलतो. दुकानाला मात्र दर्शनी बाजू उघडीच हवी असते.

आगीबाबत पेच निराळा आहे. तात्पुरत्या व समारंभाच्या प्रसंगासाठी उभारलेले तंबू, शामियाने, मांडव राष्ट्रीय इमारत संहितेच्या व्याख्येनुसार ‘इमारत’ ठरत नाहीत. त्यांच्या अग्निसुरक्षेसाठी ‘आयएस ८७५८’ हे वेगळे मानक आहे. पण जे इमारतच नाही, त्याची तपासणी कोणी करायची, हा प्रश्न अनेकदा अपघातानंतरच विचारला जातो. उत्तर प्रदेशातच त्याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण आहे. मेरठच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये १० एप्रिल २००६ रोजी ग्राहकोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनाच्या मांडवांना आग लागून ६५ जणांचा मृत्यू झाला. तो प्रदर्शनाचा अखेरचा दिवस होता. या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०२२ रोजी आयोजकांवर ६० टक्के आणि राज्यावर ४० टक्के जबाबदारी निश्चित केली. घटनेपासून त्या निकालापर्यंत सोळा वर्षे गेली होती.

राजकोटमध्ये २५ मे २०२४ रोजी जळालेले गेमिंग झोन कापडाचे नव्हते. लोखंड आणि पत्र्याचा तो दुमजली सांगाडा होता. उन्हाळी सुटीची गर्दी, आत ज्वलनशील साहित्य आणि अग्निशमन विभागाचे ना हरकत प्रमाणपत्र नाही, अशा स्थितीत २७ जणांचा बळी गेला. पत्रा जळत नाही, हे खरे. आतला माल, पॅनेलमधला फोम आणि छताखाली लावलेले कापड मात्र जळते, आणि तापलेले पोलाद वाकते.

हंगामी दुकानांसाठी देशभर लागू असलेला सर्वांत नेमका नियम फटाक्यांचा आहे. स्फोटके नियम, २००८ नुसार तात्पुरत्या फटाका दुकानांच्या शेड न जळणाऱ्या साहित्याच्या असाव्या लागतात. दोन शेडमध्ये किमान तीन मीटर आणि संरक्षित वास्तूंपासून ५० मीटर अंतर हवे, शेडची तोंडे समोरासमोर नकोत, एका समूहात ५० पेक्षा जास्त दुकाने नकोत. दिवे लोंबत्या वायरवर न लावता भिंतीला किंवा छताला पक्के बसवायचे आणि प्रत्येक रांगेला मुख्य स्विच द्यायचा. तत्कालीन औरंगाबाद, आताच्या छत्रपती संभाजीनगरमधील जिल्हा परिषद मैदानावर २९ ऑक्टोबर २०१६ रोजी, ऐन दिवाळीत, फटाक्यांची शंभराहून अधिक दुकाने जळून गेली होती. कूलर, गाद्या किंवा लोकरी कपड्यांच्या हंगामी शेडला इतके काटेकोर अंतर लागू नाही. गाद्यांतील फोम पाहता ते स्वखुशीने पाळण्यात तोटा नाही.

मुदतीचे पालन कसे होऊ शकते, हे गोव्याच्या किनाऱ्यावर दिसते. तेथील शॅक पर्यटन हंगामापुरते परवाना घेऊन बांबू, लाकूड आणि झावळ्यांचे उभारले जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर, मे अखेरीस, उतरवले जातात. परवाने आणि किनारा नियमन यांवरून दरवर्षी वाद होतात. पण समुद्रच मागे असल्याने शॅक उतरवावे लागतात. चौकातल्या शेडमागे असा समुद्र नसतो. उलगडताना प्रत्येक खांब व कैचीवर क्रमांक रंगवून ठेवणे आणि बोल्ट मापांनुसार वेगळे भरणे, एवढ्या कष्टात पुढच्या हंगामाची उभारणी सोपी होते. वाकलेला भाग तेव्हाच बाजूला काढता येतो.

करआकारणीतही तात्पुरतेपणाला किंमत आहे. प्राप्तिकर नियमांनुसार व्यापारी इमारतींवर १० टक्के घसारा आहे, तर लाकडी रचनांसारख्या ‘निव्वळ तात्पुरत्या’ उभारणीवर २०१८-१९ च्या कर निर्धारण वर्षापासून ४० टक्के. त्याआधी तो १०० टक्के होता. सिमेंटच्या पायावर बसवलेली पोलादी शेड ‘निव्वळ तात्पुरती’ ठरेल की नाही, हे तिच्या स्वरूपावर अवलंबून असते. सूट मागताना वर्ष-दोन वर्षांची आणि प्रत्यक्षात दहा वर्षांची शेड असेल, तर हा दावा टिकणे कठीण. खरेदीच्या पहिल्या वर्षी वापर १८० दिवसांपेक्षा कमी असल्यास घसारा निम्म्याच दराने मिळतो, त्यामुळे दिवाळीच्या तोंडावर घेतलेल्या शेडला त्या वर्षी सहसा निम्माच घसारा लागू होतो.