कांद्याची मते, नागलीची जागा

विधानसभेला येवलेकर खुल्या जागेसाठी मत देतात. लोकसभेला मात्र त्याच केंद्रावर त्यांची बोटे दिंडोरीसाठी शाई लावून घेतात, आणि दिंडोरीची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. पूर्वेला पैठणीच्या मागांचे येवले आणि त्याभोवतीची कांद्याची गावे. पश्चिमेला पेठ-सुरगाण्याचे डोंगर, जिथे कोकणा, महादेव कोळी, वारली आणि भिल्ल कुटुंबे भात, नागली, वरई पिकवतात. या दोन टोकांना एकच खासदार.

ही जोडणी 2008 च्या मतदारसंघ पुनर्रचनेतली. येवला, नांदगाव, चांदवड, निफाड, दिंडोरी आणि कळवण असे सहा विधानसभा मतदारसंघ मिळून दिंडोरी लोकसभा झाली. सहांपैकी राखीव दोनच, दिंडोरी आणि कळवण. पेठ तालुका दिंडोरीत गेला. सुरगाण्याचा स्वतःचा विधानसभा मतदारसंघ होता, तो मोडून तालुका कळवणला जोडला गेला. जागा आदिवासींची, पण तिचा निकाल लावण्याइतकी मते सपाटीवरच्या बिगरआदिवासी शेतकऱ्यांकडे.

राखीव जागेवर कोणी बसायचे हे त्या समाजाबाहेरच्या मतदारांनी ठरवावे का, हा वाद जुना आहे. 1932 च्या पुणे करारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना स्वतंत्र मतदारसंघांची मागणी सोडून संयुक्त मतदारसंघातल्या राखीव जागा स्वीकाराव्या लागल्या. पुढे तीनच वर्षांनी, 13 ऑक्टोबर 1935 रोजी, त्यांनी याच येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. घटनेच्या कलम 330 ने लोकसभेत अनुसूचित जातींबरोबर अनुसूचित जमातींनाही राखीव जागा दिल्या, त्याही संयुक्त पद्धतीनेच. महाराष्ट्राच्या 48 खासदारांपैकी आज चार जमातींच्या राखीव जागांवरून येतात: नंदुरबार, दिंडोरी, पालघर आणि गडचिरोली-चिमूर.

दिंडोरीच्या आधी या पट्ट्यात मालेगावची राखीव जागा होती. तिच्यावर काँग्रेसचे झामरू कहांडोळे आणि जनता परिवाराचे हरिभाऊ महाले यांची झुंज अनेक निवडणुका चालली. 1999 मध्ये देवेगौडांच्या जनता दलाला (सेक्युलर) कर्नाटकात एकही जागा मिळाली नाही; त्या पक्षाचा देशातला एकमेव विजयी उमेदवार मालेगावचा होता, हरिभाऊ महाले. 2004 मध्ये भाजपचे हरिश्चंद्र चव्हाण जिंकले. नव्या दिंडोरीत 2009 ला त्यांनी राष्ट्रवादीच्या नरहरी झिरवाळांना हरवले, 2014 ला डॉ. भारती पवारांना. 2019 ला भारती पवार भाजपकडून उभ्या राहिल्या आणि हरिभाऊंचे चिरंजीव धनराज महाले यांचा पराभव करून लोकसभेत गेल्या. 2021 मध्ये त्या केंद्रात आरोग्य राज्यमंत्री झाल्या. कळवणचे दिवंगत नेते ए. टी. पवार हे त्यांचे सासरे. उमेदवार आदिवासीच, पण बहुतेक वेळा मोजक्या राजकीय घरांतला.

डोंगरातला लाल बावटा मात्र दिल्लीपर्यंत पोहोचला नाही. माकपचे जे. पी. गावित सात वेळा आमदार झाले. 2019 च्या लोकसभेला एक लाखाहून जास्त मते घेऊनही ते तिसरे राहिले. त्यांच्या माणसांचा जोर रस्त्यावर दिसला. 6 मार्च 2018 रोजी किसान सभेचा मोर्चा नाशिकहून मुंबईकडे निघाला. कसत असलेली वनजमीन नावावर व्हावी, ही मुख्य मागणी. सुमारे 180 किलोमीटर चालून आलेली माणसे दहावीच्या परीक्षार्थींना त्रास नको म्हणून शेवटच्या रात्री न थांबता चालली आणि पहाटे आझाद मैदानात पोहोचली. अनेकांचे तळपाय सोलवटले होते.

मार्च 2023 मध्ये मोर्चा पुन्हा निघाला, या वेळी दिंडोरीहून. वनपट्ट्यांच्या बरोबरीने आता कांद्याच्या भावाची आणि अनुदानाची मागणी होती. डोंगर आणि सपाटी एका मागणीपत्रावर आली होती. त्याच वर्षी डिसेंबरात केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि लासलगावपासून येवल्यापर्यंतच्या बाजारात भाव कोसळले. बंदी उठली ती 4 मे 2024 ला, मतदानाला जेमतेम पंधरवडा उरलेला असताना. पिंपळगाव बसवंतच्या सभेत पंतप्रधानांचे भाषण चालू असताना एका तरुणाने कांद्यावर बोला, अशी हाक दिली.

20 मे रोजी मतदान झाले. शरद पवार गटाचे भास्कर भगरे, पेशाने शिक्षक, एक लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. त्यांचे चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. भगरे आडनावाच्याच एका अपक्षाला नुसती तुतारी मिळाली होती, त्याच्याही पदरात लाखावर मते पडली. छगन भुजबळ 2004 पासून येवल्याचे आमदार, ते तेव्हा महायुतीत मंत्री. तरीही येवल्याने भगरेंना आघाडी दिली. केंद्रात मंत्री असलेल्या भारती पवारांचा हा पराभव मुख्यतः कांद्याने घडवला.

निवडणुकीपलीकडे या दोन मुलखांना आणखी दोन गोष्टी बांधतात, मजूर आणि पाणी. द्राक्षाची छाटणी, कांद्याची लागण आली की पेठ-सुरगाण्याची कुटुंबे पिकअपमध्ये उभी राहून सपाटीवर उतरतात. दिंडोरी तालुक्यातल्या देवसाने-मांजरपाडा प्रकल्पाने अरबी समुद्राकडे जाणारे पाणी बोगद्यातून गोदावरी खोऱ्यात वळवले. पुणेगाव आणि दरसवाडीमार्गे ते येवल्याच्या डोंगरगावकडे नेण्यासाठी कालवा खोदला गेला. येवल्याच्या दुष्काळी गावांनी त्या पाण्याची वर्षानुवर्षे वाट पाहिली, आणि त्यांचा त्यावरचा हक्कही खरा आहे.

पण 2022 च्या अखेरीस सुरगाण्यातल्या सीमेवरच्या गावांनी रस्ते, दवाखाने, पाणी मिळत नाही म्हणून आम्हाला गुजरातला जोडा, अशी मागणी केली. तिथे पावसाळ्यात पाऊस धो धो कोसळतो, आणि एप्रिल उजाडला की बाया हंडे घेऊन झऱ्याकाठी नंबर लावतात.