आज्जीचा पाचू आणि सातवा अध्याय



गेल्या वर्षी आमच्या मुलाचा साखरपुडा ठरला. होणाऱ्या सूनबाईंना अंगठीत हिरा नको होता, पाचू हवा होता. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, "घ्यायचा तर अस्सल घ्या, काही प्रक्रिया न केलेला, सर्टिफिकेटवाला." रंग दाखवायला बरा म्हणून मी आज्जीची जुनी अंगठी डबीतून काढली आणि सराफाकडे घेऊन गेले.

या अंगठीची आमच्या घरात एक गोष्ट आहे. आत्याच्या लग्नाच्या वेळी आज्जीनं ती उजळायला गल्लीतल्या सोनाराकडे दिली होती. परत आली तेव्हा खडा फिका पडलेला आणि आत पांढऱ्या चिरा. आज्जी म्हणाली, "खडा बदलला यानं." सोनार दारात येऊन उभा राहिला. "आक्का, खडा तुमचाच आहे हो. मी नुसता गरम पाण्यात सोडा घालून धुतला." कुणी ऐकलं नाही. त्यानंतर आमच्या घरातला एक मणीसुद्धा त्याच्याकडे गेला नाही, आणि आमचं बघून गल्लीतल्या इतरांचंही जाणं कमी झालं.

आता सराफाकडच्या पारख्यानं भिंग लावून तोच खडा पाहिला. म्हणाला, "नैसर्गिक आहे, जुना आहे. यातलं तेल गेलंय, म्हणून चिरा दिसतात. कोपऱ्याला टवकाही उडालाय." टवका ऐकून मी गप्पच झाले. लग्नाच्या पहिल्या वर्षी वरवंट्यावर आपटून अंगठीच्या खड्याचा टवका उडाला, हे आज्जी स्वतःच सांगायची. म्हणजे खडा तोच होता. खोटं सोनार बोलला नव्हता, आम्ही बोललो होतो.

घरी आल्यावर मी या तेलाच्या मागे लागले, आणि वाचता वाचता फार लांब गेले.

पाचू हा बेरिल जातीचा खडा. त्यात क्रोमियम किंवा व्हॅनेडियमचा अंश आला की तो हिरवा होतो. जमिनीच्या पोटात तो घडतो तेव्हाच बहुतेक वेळा त्यात बारीक भेगा पडतात. भेगेत हवा असते, तिच्यावर प्रकाश आपटून परत फिरतो आणि ती पांढरी दिसते. भेगेत तेल मुरवलं की प्रकाश सरळ पार जातो आणि भेग डोळ्यांना दिसेनाशी होते. देवदाराच्या जातीच्या झाडांचं तेल यासाठी बरंच वापरतात. पण तेल कायम राहत नाही. ते सुकतं, सोड्याच्या गरम पाण्यात निघून जातं, सराफांकडच्या अल्ट्रासॉनिक यंत्रातही निघतं. आज्जीच्या अंगठीचं हेच झालं. तिच्या वडिलांनी विकत घेतला तेव्हाच त्या खड्यात तेल होतं. सोनारानं काही लपवलं नाही. उलट आधीच्या कुणीतरी लपवलेलं त्याच्या हातून उघडं पडलं.

पाचू आपल्याकडे आला कुठून? जुन्या काळी इजिप्तच्या पूर्व वाळवंटातल्या खाणी प्रसिद्ध होत्या. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक दक्षिण अमेरिकेत आजच्या कोलंबियात पोचले, तिथल्या चिवोर आणि मुझोच्या खाणी त्यांनी ताब्यात घेतल्या आणि तिथल्या मूळ लोकांना जबरदस्तीनं खाणीत राबवलं. त्या खाणींचे पाचू समुद्र ओलांडून आपल्याकडे येऊ लागले. त्या व्यापाराचं एक मोठं ठाणं म्हणजे आपलं गोवा. लिन्सखोटेन नावाचा डच माणूस १५८३ पासून काही वर्षं गोव्यात आर्चबिशपांच्या पदरी होता. त्याचं पुस्तक १५९६ साली छापलं गेलं. त्यात तो सांगतो, की या खड्याला हिंदी लोक 'पाचे' म्हणतात, कैरोहून येणाऱ्या पाचूंना इथे फार मान आहे आणि स्पेनच्या मुलखातूनही पुष्कळ पाचू येतात. आपला 'पाचू' शब्द चारशे वर्षांपूर्वीच्या डच पुस्तकात भेटला, तेव्हा मला ओळखीचं माणूस परगावी भेटल्यासारखं वाटलं.

या पाचूंची गंमत अशी, की पुढे त्यांना 'जुन्या खाणीचे' म्हणू लागले. या जुन्या खाणी आशियातच कुठेतरी हरवल्या, असाही समज होता. २००० साली फ्रान्समधल्या संशोधकांनी निजामांच्या खजिन्यातल्या काही पाचूंमधला ऑक्सिजन तपासून त्यांचं मूळ गाव शोधलं. बहुतेक कोलंबियाचे निघाले आणि एक अफगाणिस्तानातल्या पंजशीर खोऱ्यातला. राजेरजवाड्यांनासुद्धा आपल्या खड्याचं गाव माहीत नव्हतं, तिथे माझ्या आज्जीला काय माहीत असणार?

नकली मालही आजचा नाही. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी लिहितो, की स्फटिक रंगवून पाचू कसा करावा हे सांगणारी पुस्तकं आहेत, पण त्यांच्या लेखकांची नावं मी देणार नाही. अशा कृती लिहिलेला इजिप्तमधला एक जुना कागद आज स्वीडनमध्ये जपून ठेवलेला आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत कॅरोल चॅथम यांनी प्रयोगशाळेत खराखुरा पाचू वाढवला. त्याचं रसायन खाणीतल्या पाचूसारखंच. अलीकडे तेलाऐवजी राळेसारखे कृत्रिम पदार्थही भेगांत भरतात.

मग पारख करायची कशी? इथे आपल्या परंपरेचा मला अभिमान वाटला. ठक्कर फेरू हे जैन श्रावक दिल्लीत अल्लाउद्दीन खिलजीच्या खजिन्याच्या कारभारात होते. त्यांनी १३१५ साली रत्नांच्या परीक्षेवर 'रयणपरिक्खा' हा ग्रंथ प्राकृतात लिहिला. त्यात पाचूही आहे आणि किमतीही आहेत. हा ग्रंथ त्यांनी आपल्या मुलासाठी लिहिला. बापानं मुलाला धंदा शिकवताना आधी परीक्षा शिकवली.

आणि परीक्षेच्याही आधी व्रत येतं. दशलक्षण पर्वात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतो. सातव्या दिवशी सातवा अध्याय येतो, त्यात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार आहेत. शेवटचा आहे 'प्रतिरूपक व्यवहार'. पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत त्याचा अर्थ सांगितला आहे: बनावट सोनं वगैरे वापरून फसवणुकीनं केलेला व्यवहार. समंतभद्र आचार्यांच्या श्रावकाचारात यालाच 'सदृशसन्मिश्र' म्हटलं आहे, म्हणजे सारख्या दिसणाऱ्या मालाची भेसळ. त्या ग्रंथाचं नाव रत्नकरंड, रत्नांची पेटी! इतकी वर्षं मी हा अध्याय ऐकते आहे, पण 'प्रतिरूपक' म्हणजे काय ते मला अंगठी घ्यायला गेल्यावर कळलं. तेल घातलेला पाचू विकणं ही चोरी नाही. तेल घातलंय हे न सांगता, न घातलेल्याच्या भावानं विकणं ही चोरी.

आजचं सर्टिफिकेट हे काम करतं. जे पूर्वी व्यापाऱ्याच्या व्रतावर चालायचं, ते आता कागदावर चालतं. जयपूरला १९७२ पासून रत्नांची तपासणी करणारी प्रयोगशाळा आहे, परदेशातल्याही नामांकित आहेत. पण कागद वाचता आला पाहिजे. मी शिकले ते तुम्हालाही सांगते.

'नॅचरल' या शब्दाचा अर्थ एवढाच, की खडा जमिनीत तयार झाला. त्यावर काही केलेलं नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. आज्जीचा पाचूही 'नॅचरल'च होता. खरी ओळ पाहायची ती 'ट्रीटमेंट' किंवा 'क्लॅरिटी एन्हान्समेंट'ची. तिथे तेल किंवा राळ अजिबात नाही, थोडी आहे, मध्यम आहे की पुष्कळ, हे लिहिलेलं असतं. इन्फ्रारेड तपासणीत तेल कोणतं आणि राळ कोणती हे कळतं. कागदावरचा नंबर प्रयोगशाळेच्या वेबसाइटवर टाकून बघा, आणि वजन व माप आपल्या खड्याशी जुळतं का तेही बघा. शक्यतो खडा सुटा असताना तपासून घ्या, कोंदणात बसल्यावर सगळं नीट दिसत नाही. सोन्यावर हॉलमार्क आणि सहा अक्षरी एचयूआयडी असू द्या. रोजच्या वापरातल्या खड्याच्या अंगठीला २२ कॅरेटपेक्षा १८ कॅरेट, म्हणजे ७५० चा शिक्का, जास्त बळकट पडतं. आणि घरी धुताना कोमट पाणी, मऊ फडकं. सोडा नको.

काही न केलेला पाचू दुर्मीळ, त्यामुळे महाग. आम्ही छोटा घेतला. त्यातही बारीकसं जाळं आहे, पण ते जमिनीनं दिलेलं आहे आणि कागदावर लिहिलेलं आहे. माझं परिग्रहाचं परिमाण ठरलेलं आहे, म्हणून माझ्या दोन बांगड्या मोडून त्यात अंगठी केली. रत्नंही पृथ्वीकायात मोडतात, हे उत्तराध्ययनात नावानिशी आहे, मरकतही त्यात आहे. तो खडा कुणीतरी डोंगर फोडून काढला आहे. निदान आपल्याला हवं त्याहून जास्त घेऊ नये, एवढं आपल्या हातात आहे.

राहिली सोनाराची गोष्ट. ते आता नाहीत. क्षमावाणीच्या दिवशी मी आज्जीची अंगठी घेऊन त्यांच्या मुलाकडे गेले. तेही आता साठीच्या पुढचे आहेत. सगळं सांगितलं, टवकाही दाखवला. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, खडा तोच होता." मी हात जोडले. दुसरं काय करणार होते?

अंगठी त्यांच्याकडेच ठेवून आले, कोंदण सैल झालं होतं ते घट्ट करायला. तेल घालू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नको, चिरा दिसू द्यात.