खिशातले संत



सध्या मुक्काम जुनवानी. भिलाईच्या कडेला वसलेलं हे मूळचं गाव. आता इथे कॉलेजं, हॉस्पिटल आणि नव्या कॉलनी झाल्या आहेत. आपल्या माणसाला हा मुलूख अगदी परका वाटत नाही. १८५४ पर्यंत छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होतं, आणि दुर्ग-भिलाईत मराठी कानावर पडतं ते आजही. पण या वेळी लिहायचंय ते एका बोटभर लांबीच्या कागदाबद्दल.

माझ्या भाड्याच्या घराशेजारी केरळातलं एक कॅथलिक कुटुंब राहतं. अंकल स्टील प्लांटमधून निवृत्त झालेले, आंटींनी आयुष्यभर नर्सची नोकरी केली. संध्याकाळी सातच्या सुमारास त्यांच्याकडे प्रार्थना होते. भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, खाली लाल दिवा. आंटींच्या हातात जाडजूड प्रार्थनापुस्तक असतं. त्याच्या पानापानांत पत्त्यांएवढी रंगीत चित्रं खोचलेली असतात, म्हणून ते पुस्तक नीट मिटतही नाही. ही होली कार्डं. पुढच्या बाजूला संताचं चित्र आणि मागे त्या संताची प्रार्थना. इटालियन लोक त्याला ‘सांतिनो’ म्हणतात, म्हणजे छोटा संत.

ही कार्डं नुसती शोभेला नसतात. एक तर ती खूण म्हणून पुस्तकात राहतात; आज कुठली प्रार्थना म्हणायची ते पान उघडताच कळतं. नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना चालू असेल, तर त्या संताचं कार्ड नऊ दिवस पुढे काढून ठेवतात. कुणी आजारी असेल तर उशीखाली ठेवतात, परीक्षेला निघालेल्या पोराच्या कंपासपेटीत घालतात. प्रार्थना पाठ नसली तरी अडत नाही, कार्ड उलटं केलं की समोर असते. आंटींच्या पुस्तकात सेंट अल्फोन्सा आहेत. केरळच्या या संन्यासिनीला १२ ऑक्टोबर २००८ रोजी संतपद मिळालं. भारतातल्या त्या पहिल्या स्त्री संत. सेंट अँथनी आहेत, हरवलेली वस्तू सापडावी म्हणून ज्यांची आठवण काढतात ते. आणि सदा सहाय्य माता आहे, माहीमच्या चर्चमधली. माहीमला दर बुधवारी नोव्हेनासाठी लोटणारी गर्दी मुंबईकरांना माहीत असते. ती प्रथा ८ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली, आणि त्या रांगेत सगळ्या धर्मांची माणसं असतात.

आता या कागदाचा इतिहास. युरोपात लाकडी ठशावरून छापलेल्या चित्रांपैकी, ज्यावर साल कोरलेलं आहे असं एक फार जुनं चित्र १४२३ चं आहे. ते आहे सेंट ख्रिस्तोफरचं, खांद्यावर बाळ येशूला घेऊन नदी ओलांडणाऱ्या संताचं. गुटेनबर्गचं बायबल यायला अजून तीस वर्षं होती. म्हणजे सामान्य माणसाच्या घरात छापील पुस्तकाआधी छापील संत पोचला. त्या चित्राखाली लॅटिनमध्ये दोन ओळी आहेत. आशय असा, की ज्या दिवशी तू हे मुख पाहशील त्या दिवशी तुला वाईट मरण येणार नाही. ज्यांनी कधी पेट्रोलिंगला निघताना खिसा चाचपून पाहिला असेल, त्यांना या दोन ओळी समजावून सांगायची गरज नाही.

पुढे १७९६ च्या सुमारास जर्मनीत सेनेफेल्डरने शिळाछाप शोधून काढला आणि चित्रं स्वस्त झाली. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये सां-स्युल्पिस चर्चच्या आसपासच्या दुकानांतून जाळीदार कडांची नाजूक कार्डं जगभर जाऊ लागली. मग रंगीत छपाई आली. त्याच तंत्राने आपल्याकडे काय घडलं ते पाहा. पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा प्रेस निघाला, आणि १८९४ मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे जर्मन तंत्रज्ञ कामाला होते. ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यात पाऊल ठेवू दिलं जात नव्हतं, त्यांच्याही भिंतीवर लक्ष्मी-सरस्वती आल्या त्या या छपाईमुळे. कॅथलिकांचं कार्ड आणि आपली तसबीर ही एकाच यंत्राची लेकरं आहेत.

कागदाची पूजा करायची का, हा प्रश्न त्यांच्यातही जुना आहे. ७८७ च्या निकाया परिषदेने आणि पुन्हा १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने निर्णय दिला, की मान चित्राला नसतो, चित्रात जो दाखवला आहे त्याला असतो. आशीर्वादित कार्ड फाटलं तरी ते कचऱ्यात टाकत नाहीत. जाळतात किंवा पुरतात. आपण जुनी तसबीर विसर्जित करतो, तसंच.

मराठी मुलखाचा एक संतही या कार्डांवर आहे. गोन्सालो गार्सिया, वसईचा. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. व्यापारासाठी जपान गाठलं, मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला आणखी पंचवीस जणांबरोबर क्रूसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. भारतात जन्मलेला तो पहिला संत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीज किल्ला सोडून गेले, पण गावोगावचे ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी कुठेच गेले नाहीत. ते आजही मराठीत ‘नमो मारिया’ म्हणतात, आणि गास गावच्या चर्चला गोन्सालोचंच नाव आहे.

आता फौजेची गोष्ट. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैनिकांच्या खिशात एका तरुण संन्यासिनीचं चित्र असायचं. लिझ्यूची तेरेझ, १८९७ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी क्षयाने गेलेली. मठाच्या भिंतीबाहेर तिला कुणी ओळखत नव्हतं. ती स्वतः अशी छोटी चित्रं रंगवायची आणि आपल्या प्रार्थनापुस्तकात ठेवायची. तिच्या मरणानंतर मठाने तिची चित्रं वाटायला सुरुवात केली, ती कोट्यवधींच्या घरात गेली. खंदकांतले सैनिक मठाला पत्रं लिहीत, पदकं पाठवत. चर्चने तिला संत ठरवलं १९२५ मध्ये. शिपायांनी त्याआधीच ठरवून टाकलं होतं. सैनिकाला असाच देव परवडतो, जो छोटा असतो, हलका असतो आणि बदलीचा हुकूम आला की सोबत निघतो. आपल्या युनिटचं सर्व धर्म स्थल असतंच, पण पोस्टवर एकट्याने रात्र काढताना कामाला येतो तो खिशातला.

भिलाईही अशीच बदलीवरच्या माणसांनी उभी केली. २ फेब्रुवारी १९५५ ला सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. केरळ, आंध्र, बंगाल, महाराष्ट्र, सगळीकडून माणसं आली. त्यांत कॅथलिकही होते. तेव्हा हा भाग नागपूरच्या धर्मप्रांतात होता. रायपूर वेगळं झालं ते १९६४ मध्ये. आपल्या गावचं चर्च हजार-दीड हजार किलोमीटर मागे राहिलेलं. अशा वेळी ट्रंकेतून जे चर्च आलं, ते म्हणजे हे पुस्तक आणि ही कार्डं.

आंटींच्या पुस्तकात आणखी एक प्रकार आहे, आणि मला त्याचंच मोल जास्त वाटतं. ही कार्डं मेलेल्या माणसांची आहेत. एका बाजूला संत, दुसऱ्या बाजूला दिवंगताचं नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा आणि त्याच्यासाठी प्रार्थना. ही चाल हॉलंडमध्ये सतराव्या शतकात पडली. तिथे तेव्हा कॅथलिकांना उघडपणे उपासना करायला बंदी होती, म्हणून मृतासाठीची प्रार्थना हातोहात फिरायची. आंटींकडे आई-वडील, दीर, प्लांटमधले शेजारी, असे वीसेक जण आहेत. रोज संध्याकाळी त्यातली दोन-तीन नावं मोठ्याने वाचली जातात. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, सगळी.

निवृत्तीनंतर प्लांटचं क्वार्टर सोडावं लागतं. अंकलनीही सोडलं. फर्निचर वाटून टाकलं, पुस्तक आणलं. मुलं परदेशात आहेत, फोनवर प्रार्थना म्हणतात. मी विचारलं, “आंटी, यह किताब बाद में कौन रखेगा?” त्या म्हणाल्या, “फौजी साहब, नाम पढ़ने वाला कोई तो होगा.” मी त्यावर काही बोललो नाही.

आपल्याकडे युद्धस्मारकावर नावं कोरतात. वर्षातून एकदा पुष्पचक्र वाहिलं जातं, बिगुल वाजतो, आणि ते व्हायलाच हवं. पण कोरलेलं नाव आणि उच्चारलेलं नाव यांत फरक आहे. आपल्या पलटणीतून गेलेल्या दोस्तांची नावं तुमच्या घरात शेवटची कधी मोठ्याने घेतली गेली? त्यासाठी कॅथलिक व्हायची गरज नाही. नाव, गाव, तारीख एका कार्डावर लिहा, ज्या पोथीत रोज बोट जातं तिच्यात खोचा, आणि पान उघडलं की वाचा. नातवंडं विचारतील हे कोण, तेव्हा सांगायला तुम्ही आहात. तुमच्यानंतर ती सांगतील.

जय हिंद.